आपल्या गावच्या गाण्यांचा ऑनलाइन रेडिओ कसा सुरू करायचा (इंदूरच्या मंडळींसाठी)

रेडिओ काढायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टॉवर, लायसन्स, दिल्लीच्या चकरा आणि लाखोंचा खर्च येतो आणि विषय तिथेच संपतो. एफएमवर कम्युनिटी रेडिओ काढायचा तर ते बरंचसं खरंही आहे, माहिती प्रसारण खात्याकडे अर्ज करावा लागतो, २००६ पासून शिक्षणसंस्थांसोबत सामाजिक संस्थांनाही तो करता येतो पण एकट्यादुकट्याला नाही, आणि एवढं करून ट्रान्समीटर मिळतो साधारण १०० वॉटचा, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा परिसर. नेटवरच्या रेडिओत आपण हवेतल्या लहरी वापरतच नाही, म्हणून फ्रीक्वेन्सीचं लायसन्स लागत नाही, आणि राजेंद्र नगरमधून लावलेलं भजन पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलीला पण ऐकू येतं आणि अमेरिकेतल्या नातवाला पण. चार-पाच जण मनापासून तयार असतील तर हे काम होतं. कसं ते लिहितो, जिथे लोक अडकतात तिथे जास्त लिहीन.

आधी ठरवा, लावणार काय

सिनेमाची गाणी लावायची असतील तर रेडिओ काढूच नका, ती सगळीकडे आहेत आणि त्यांच्या हक्कांचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. आपल्याकडे जे आहे ते कुठल्याच ॲपवर नाही. विचार करा, एकट्या इंदूरात काय काय आहे. ख्यालगायक उस्ताद अमीर खां साहेब इथले, त्यांचे वडील सारंगी वाजवायचे. ३५-४० किलोमीटरवर देवास, जिथे कुमार गंधर्व १९४८ मध्ये टीबीवर उपचारासाठी हवा बदलायला म्हणून आले आणि तिथलेच झाले, आजारपणात दारावरून जाणाऱ्या माळवी गाण्यांकडे त्यांचं लक्ष गेलं ते इथेच. देवास, उज्जैन, मक्सीच्या खेड्यांत तंबुरा, करताल, ढोलक घेऊन रात्ररात्रभर कबीर गाणाऱ्या मंडळ्या अजून आहेत, त्यातलेच प्रह्लादसिंह टिपानिया, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. निमाडकडे गेलात तर संत सिंगाजींची भजनं आणि गणगौरची गाणी. आणि मग आपली स्वतःची मराठी घरं, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, जिथे प्रत्येक गल्लीत एखादं तरी महिला भजनी मंडळ आहे, कुणी नाट्यसंगीत गातंय, कुणी तबला शिकवतंय, आणि त्यांचं रेकॉर्डिंग म्हणजे फारतर कुणाच्या तरी फोनमधला एक व्हिडिओ ज्यात अर्धा वेळ समोरच्या माणसाचं डोकं दिसतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते भाद्रपद ते कार्तिक हे दिवस. गणपतीत आरत्या आणि भजनं, मग पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची, फुलांची संजा मांडतात आणि तिची गाणी म्हणतात, ते सर्वपित्री अमावस्येला संपतं आणि लगेच नवरात्रात आपल्याकडे भोंडला सुरू. एकाच अंगणात दोन भाषांची मुलींची गाणी महिनाभराच्या आत होतात, हे दुसरीकडे कुठे मिळणार हो. संजाची गाणी पूर्ण येणाऱ्या बायका आता साठी-सत्तरीच्या आहेत. म्हणून सल्ला असा की रेडिओ कधीही सुरू करा पण रेकॉर्डिंगची तयारी श्रावणातच करून ठेवा, नाहीतर वर्षभर वाट बघावी लागते.

हक्कांचं काय, हे आधी नीट समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सोडू नका, कारण यात घोळ झाला तर स्टेशन बंद पडतं. एका गाण्यात हक्कांचे वेगवेगळे थर असतात, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं, आणि गाणाऱ्याचा स्वतःचा कलाकार म्हणून हक्क तो आणखी वेगळा. शब्द आणि चालीवरचा हक्क लिहिणारा किंवा चाल लावणारा गेल्यानंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे तुकोबा, कबीर, जनाबाईंचे शब्द मोकळे आहेत पण एखाद्या अभंगाला विसाव्या शतकातल्या संगीतकाराने चाल लावलीय तर ती चाल मोकळी असेलच असं नाही. जुन्या नाट्यपदांचं बघा, किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे, आणि भास्करबुवा बखले १९२२ ला आणि गोविंदराव टेंबे १९५५ ला गेले म्हणून त्यांच्या चालीही मोकळ्या. तुमच्या ओळखीच्या काकू यातलं पद गात असतील तर फक्त त्यांची आणि साथीदारांची परवानगी घ्या आणि बिनधास्त लावा. पण तेच पद मोठ्या गायकाच्या कंपनीने काढलेल्या नव्या सीडीवरून लावायचं असेल तर नाही चालणार, रेकॉर्डिंग कंपनीचं आहे.

बरेच जण सांगतात की रेडिओला सरकारी दराने लायसन्स मिळतं, कोणी नाही म्हणू शकत नाही. ते कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१डी, २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं, ब्रॉडकास्टरसाठी. पण नेटवरच्या स्ट्रीमिंगला ते लागू नाही असं मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम ठेवलं. म्हणजे आपल्याला ज्याचं गाणं त्याला विचारूनच लावायचंय. मला तर हे बरंच वाटतं, कारण विचारायला गेलं की ओळख होते, आणि ओळख झाली की कपाटातून आणखी दहा कॅसेट निघतात.

परवानगी लेखीच घ्या, एक पानाचा फॉर्म, मराठी आणि हिंदी दोन्हीत. त्यात साध्या भाषेत चार-पाच गोष्टी: हे रेडिओवर लावू का, नंतर वेबसाइटवर कायम ऐकायला ठेवू का (ही वेगळी परवानगी आहे, पुष्कळांना रेडिओ चालतो पण कायम ठेवलेलं नको असतं), नाव कसं घ्यायचं, आणि मन बदललं तर कळवा, आम्ही काढून टाकू. मंडळ असेल तर फक्त अध्यक्षांची सही पुरत नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सगळ्यांची घ्या. लहान मुलं असतील तर आईवडिलांची. गायक हयात नसतील तर घरच्यांची. प्रत्येक फॉर्मला नंबर द्या आणि तोच नंबर फाइलच्या माहितीत लिहा, मग दोन वर्षांनी कुणी विचारलं तर शोधाशोध नाही.

आणखी एक, घरोघरी आकाशवाणीवरून टेप करून ठेवलेल्या कॅसेट निघतील. १९५५ पासून मालवा हाउसमधून, म्हणजे आकाशवाणीच्या इंदूर केंद्रातून, काय काय वाजलं असेल, माळवीत गप्पा मारणारे नंदाजी-भेराजी आठवणारे लोक अजून आहेत. ते सगळं सोनं आहे पण ते आकाशवाणीचं आहे, आपल्याला लावता येत नाही. जपून डिजिटल करून घरच्यांना द्या, तेवढंच.

रेकॉर्डिंग

स्टुडिओची गरज नाही. हातात मावणारा एखादा रेकॉर्डर घ्या, झूम किंवा टॅसकॅमचा साधा मॉडेल पुरतो, आणि नसेल तर सुरुवातीला चांगला फोन पण चालेल फक्त एअरप्लेन मोडवर टाकून आणि व्हिडिओ न काढता नुसता आवाज घ्या. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव फाइल, एका तासाला साधारण १ जीबी जागा लागते तेवढी ठेवा. लेव्हल अशी की सगळ्यात जोरात गातील तेव्हा काटा उणे १२ डीबीच्या आसपास राहील. कमी लेव्हल नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज कधीच दुरुस्त होत नाही.

भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा त्रास टाळ आणि मंजिऱ्यांचा. कानाला प्रत्यक्षात ते गोड लागतात पण माइकला तेच सगळ्यात जोरात ऐकू येतात आणि शब्द बुडतात. टाळ वाजवणाऱ्यांना मागच्या रांगेत बसवा, पेटी एका बाजूला, मुख्य गाणारी समोर, आणि रेकॉर्डर तिच्यापासून दोन-अडीच हात लांब, तोंडाच्या उंचीपेक्षा जरा वर, स्टँडवर. सतरंजीवर ठेवू नका, ठेका धरला की जमिनीतून धपधप येते. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद, कूलर तर नक्कीच बंद, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातलाच उरकून घ्या. कबीर गाणाऱ्या मंडळीत तंबुरा आणि करताल एकाच माणसाच्या हातात असतात आणि तोच गातो, तिथे माइक करतालाच्या उलट बाजूला जरासा सरकवायचा. आणि गाणं सुरू होण्याआधी त्यांच्याच तोंडून नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकलं हे विचारून रेकॉर्ड करा. "आईकडून, ती धारची" एवढं एक वाक्य असलं तरी ऐकणाऱ्याचा कान वेगळा होतो.

जुन्या कॅसेटचं काम वेगळं आणि हळू आहे. टेप लगेच लावू नका. आधी खिडकीच्या उजेडात धरून बघा, रिळावर पांढरी भुकटी म्हणजे बुरशी, ती असेल तर प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, बाकीच्या टेपांनाही लागते. बरी दिसत असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेले वळे सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने इअरबडने पुसा, दर दोन-तीन कॅसेटनंतर. मग डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज लॅपटॉपला देणारी छोटी पेटी), तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी, हे आवाज रेकॉर्ड-एडिट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटं लागतातच, घाई करता येत नाही, आणि पहिल्याच वेळी चांगलं घ्या कारण जुनी टेप दुसऱ्यांदा चालेलच याची खात्री नाही. मूळ फाइल आहे तशी फ्लॅकमध्ये (आवाज जराही न घटवता जागा वाचवणारा फाइलचा प्रकार) ठेवा, खरखर काढणं वगैरे त्याच्या कॉपीवर करा, आणि फार काढू नका, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. माझं स्पष्ट मत आहे की थोडी खरखर राहू द्यावी. कॅसेटवरचं लेबल, आतला कागद याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि सगळ्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

प्रसारणाला पाठवायच्या आधी सगळ्या फाइलींचा आवाज एकसारखा करा, उणे १६ लफ्स (आवाज कानाला किती मोठा लागतो याचं माप) धरा, ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशन म्हणून आहे त्यात एका क्लिकवर होतं. नाहीतर एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं घर हलवतं आणि लोक बंद करून टाकतात.

सर्व्हर

इथे लोक घाबरतात पण हा सगळ्यात सोपा भाग आहे, घरातला कुणीही कॉम्प्युटरचा पोरगा-पोरगी एका रविवारात करून देईल. अझुराकास्ट नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याच्या आत आइसकास्ट (श्रोत्यांपर्यंत आवाज पोचवणारं) आणि लिक्विडसोप (एकामागून एक गाणी लावणारं) दोन्ही येतात, ब्राउझरमधूनच गाणी चढवायची, प्लेलिस्ट लावायची, कोण ऐकतंय बघायचं. भाड्याचा एक छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला कायम चालू असलेला सर्व्हर, घ्या, २ जीबी रॅमवर चालतं, ४ असेल तर निवांत. जमलं तर मुंबईच्या डेटा सेंटरमधला.

किती डेटा लागेल याचा हिशेब हातानेच करता येतो. ६४ केबीपीएसने (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट) एक श्रोता तासाला साधारण २९ एमबी घेतो. सरासरी २० जण दिवसभर ऐकत असतील तर रोजचे १४ जीबीच्या आत, महिन्याचे ४१५ जीबीच्या आसपास. प्लॅन घेताना हा आकडा समोर ठेवा. ६४ वर एएसी प्लस (कमी डेटात बरा आवाज देणारा प्रकार) ठेवा, आणि कानसेनांसाठी १२८ चा एमपी३ वेगळा मार्ग ठेवा, शास्त्रीय गाण्यात तानपुऱ्याचा नाद ६४ वर जरा पातळ होतो.

एक छोटी गोष्ट जी सगळे विसरतात: स्टेशनच्या सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता करा. सर्व्हरची घड्याळं बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असतात, मग तुम्ही सकाळी सहाला लावलेली भूपाळी साडेअकराला वाजते. एचटीटीपीएस (वेबसाइटचा सुरक्षित जोड) पण पहिल्याच दिवशी चालू करा, नाहीतर ब्राउझर स्ट्रीम अडवतो.

दिवस कसा लावायचा

२४ तास लाइव्ह करायच्या नादी लागू नका. ऑटो-डीजे (सर्व्हर स्वतःच प्लेलिस्टमधली गाणी लावतो तो) दिवसभर चालू द्या आणि लाइव्ह आठवड्यातून दोन तास, पण ते दोन तास चुकवू नका. रेडिओची गंमतच ती आहे की ठरल्या वेळी कुणीतरी माणूस आपल्यासाठी गाणं लावून बसलाय. सकाळी ६ ते ८ भूपाळ्या, अभंग, मग भैरव-तोडीचं काहीतरी, दुपारी बायकांची मंडळं आणि लोकगीतं, संध्याकाळी मारवा-पूरिया, रात्री निर्गुणी भजनं. रागाची वेळ पाळाच, आपल्याकडचे ऐकणारे जाणकार आहेत, संध्याकाळी तोडी लागली तर दहा मिनिटांत फोन येतो. अझुराकास्टमध्ये प्रत्येक प्लेलिस्टला वेळ आणि वार देता येतो, आणि तेच गाणं किती वेळाने परत लागावं हेही. सुरुवातीला गाणी कमी असतील, तेव्हा दिवसाचे सहाच तास चालवा, उगीच तेच तेच फिरवू नका.

माणसं

स्टेशन माणसांवर चालतं आणि माणसं नसली की बंद पडतं, म्हणून प्रत्येक कामाला दोन जण. रेकॉर्डिंगला दोन, अपलोड आणि नोंदींना दोन, लाइव्हला दोन. कुणाच्या घरी लग्न, कुणाची परीक्षा, कुणी मुलाकडे बंगलोरला तीन महिने, हे होणारच. नोंदींचं काम रिटायर झालेल्या मंडळींकडे द्या, बँकेत किंवा शाळेत आयुष्य गेलेले काका-काकू यात जे चोख काम करतात ते तरुणांकडून होत नाही. एकच शीट: गाणं, गाणारे, साथ, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुठे कधी रेकॉर्ड झालं, परवानगी नंबर. प्रत्येक निवेदकाला स्वतःचं लॉगिन बनवून द्या, एकच पासवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरवू नका. आणि सर्व्हर, डोमेन, बँकेचं खातं हे एकाच माणसाच्या नावावर आणि एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका.

पैसे फार लागत नाहीत, सर्व्हर, डोमेन, एखादा रेकॉर्डर. चार घरांतून वर्गणी होते. जाहिरात घेण्याआधी परवानगीच्या फॉर्ममध्ये गाणाऱ्यांना काय सांगितलं होतं ते बघा, विनामोबदला दिलेल्या गाण्यावर आपण पैसे कमावणं मला बिलकुल पटत नाही.

लाइव्ह जाताना

घरातून लाइव्ह करायला बट (BUTT) नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात सर्व्हरचा पत्ता आणि तुमचं लॉगिन टाकलं की झालं, गाणी मिसळायची असतील तर मिक्स (Mixxx) नावाचं दुसरं मोफत सॉफ्टवेअर. वायफाय नको, राउटरपासून सरळ तार ओढा, आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. मध्येच लाइन गेली तर ऑटो-डीजे आपोआप सुरू होतो, घाबरू नका.

माइक तोंडापासून एक वीत, अगदी समोर नाही, जरा तिरका, म्हणजे प आणि फ म्हणताना धप्प येत नाही. हेडफोन लावाच. स्ट्रीम ऐकणाऱ्याकडे दहा ते तीस सेकंद उशिरा पोचतो, म्हणून "आता बरोबर आठ वाजलेत" असं म्हणू नका, आणि फोनवर कुणाला घेतलं तर आधी त्यांना रेडिओ बंद करायला सांगा. बोलताना इंदूरची मराठी आहे तशीच बोला, मध्ये हिंदी येते, माळवी येते, येऊ द्या. पुण्याच्या निवेदनाची नक्कल करायला गेलं की आजी ओळखत नाही हे आपलं स्टेशन आहे म्हणून. गाण्याआधी थोडं बोला, गाण्यावर बोलू नका, आणि संपल्यावर गाणारीचं नाव पुन्हा घ्या, साथीदारांची पण, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. घरात सगळे कान लावून त्या नावाचीच वाट बघत असतात.

श्रोत्यांकडून फर्माइश आणि आठवणी व्हॉट्सॲप व्हॉइस नोटने मागवा, फक्त सांगा की फोन तोंडाजवळ धरून, रस्त्यावर नाही घरात बसून बोला. लावण्याआधी त्यांनाही विचारा.

ऐकणार कसे

तरुण लोक लिंकवर जातील, आपला खरा श्रोता सत्तरीचा आहे. त्यांच्यासाठी वेबसाइटवर एकच मोठं बटण, "ऐका", बाकी सगळं खाली. घरी जाऊन त्यांच्या फोनच्या होम स्क्रीनवर तो आयकॉन बसवून द्या, ब्लूटूथ स्पीकर असेल तर जोडून द्या, आणि डेटा किती जातो हे विचारतील, तर सांगा तासाला तीसेक एमबी, रोजच्या पॅकमध्ये सहज बसतं. रेडिओ ब्राउझर नावाची मोफत सूची आहे, तिथे स्टेशनचं नाव टाका, पुष्कळ रेडिओ ॲप त्यातूनच स्टेशनं घेतात.

सुरुवातीला रिपोर्टमध्ये एका वेळी पाच-सात श्रोते दिसतील आणि वाईट वाटेल. पण ज्या काकूंचं गाणं लागणार आहे त्यांना दोन दिवस आधी वेळ कळवा, त्या दिवशी आकडा बघा, नागपूर, बडोदा, ग्वाल्हेर सगळीकडचे नातेवाईक येतात, आणि त्यातले दोघं-तिघं नंतर पण राहतात. म्हणून पहिल्या महिन्याचं वेळापत्रक गाणाऱ्यांची नावं घालूनच काढा, त्याचा साधा फोटो बनवा, मंडळांच्या ग्रुपवर शुक्रवारी टाका, आणि वेळेच्या अर्धा तास आधी दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवर मोबाइल डेटावर स्टेशन लावून ऐकून बघा.